केशवरावांनी पाजलेलं पाणी

“अंतसमयी मी बंधूचे मस्तक मांडीवर घेतले आणि त्याच्या मुखी उदक घातले. तो तृप्त होऊन निवर्तला,” असं केशवराव मास्तरांनी वाचलं आणि लेखणी कानावर अडकवून ते खुशालरावाकडे बघत राहिले, आता शाबासकी मिळणार अशा थाटानं. हे खुशालरावानं सांगितलंच नव्हतं! काल दुपारी ह्याच ओसरीवर बसून त्यानं चंद्रभानच्या, आपल्या धाकट्या भावाच्या, मरणाची गोष्ट सांगायला घेतली होती. बाळापूरच्या पुढच्या बाभळीपर्यंत तो कसाबसा आला आणि तिथंच थांबून ‘बाकीचं उद्या’ म्हणून त्यानं केशवरावांना वाटेला लावलं. पण मास्तर कसला थांबतोय? त्यानं घरी जाऊन चंद्रभानला मारूनही टाकला होता, आणि मारायच्या आधी पोटभर पाणी पाजून. खुशालराव तोंड उघडणार, तेवढ्यात आतल्या खोलीत चिंच फोडत बसलेल्या बायकांचा आवाज एकदम थांबला. मग कुणीतरी रडायला लागलं. खुशालरावाची बायको लीलाबाई दारात आली, चिंचेचे हात तसेच धरून म्हणाली, “दुर्गा रडून राह्यली. पन बरं रडून राह्यली. ते म्हन्ते, पुन्ना वाचा म्हना.” केशवरावांनी पुन्हा वाचलं. दुर्गाबाईसाठी, चंद्रभानच्या बायकोसाठी, तिसऱ्यांदा वाचलं, सावकाश, शब्द सोडवून सोडवून. आणि खुशालराव, कापसाच्या बाजारात ज्याच्या आवाजानं बैल बुजायचे तो खुशालराव, तिन्ही वेळा मुकाट ऐकत बसला.

आता ही पुस्तकाची भानगड मुळात कशी सुरू झाली ते सांगायला हवं. अमरावतीत त्या दोन-तीन वर्षांत ज्याच्या हाती कापूस लागला त्याला काही ना काही खूळ लागलं होतं. कुणी दमणीच्या, बसायच्या हलक्या बैलगाडीच्या, चाकांना चांदीची धाव बसवली, कुणी गावजेवणात तुपाला हात आखडायचा नाही अशी ताकीद देऊन ठेवली. खुशालराव जातीचा माळी. वांगी, मेथी, झेंडू ह्यांत तीन पिढ्या गेलेल्या. दूरदेशी कुठंतरी लढाई जुंपली आणि विलायतेला वऱ्हाडाच्या कापसाची आठवण झाली, तेव्हा त्यानं मळ्यातलं एकूणएक वांगं उपटून सरकी लावली, मग दुसऱ्यांचा कापूस घेऊ लागला, मग गाड्या ठेवल्या. त्याला वाचता येत नव्हतं, तरी खूळ लागलं ते पुस्तकाचं. नव्या सरकारी शाळेतले मास्तर केशवराव त्याला म्हणाले होते, “खुशालराव, तुम्ही निजामाचा अंमल पाहिलात, साहेबाचा पाहता आहात, तुमची हकीकत लिहून ठेवली पाहिजे.” हे ऐकून तो फुलला होता, खोटं कशाला बोला. पण त्यानं होकार दिला तो त्यासाठी नव्हे. खरं कारण त्यानं लीलाबाईलाही सांगितलं नव्हतं. त्याला दुर्गाबाईला, चंद्रभानच्या विधवेला, एक गोष्ट सांगायची होती आणि ती तोंडानं सांगता येत नव्हती.

येत नव्हती म्हणजे काय, तर तो तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यापुढं भावजय येत नाही. आलीच तर पदर नाकापर्यंत, आणि बोलायचं ते दाराआडून, तेही तिसऱ्या माणसाच्या तोंडून. चौदा वर्षं ती ह्या घरात होती आणि खुशालरावानं तिचा चेहरा धड पाहिलेला नव्हता. अकोल्याच्या जुन्या शहरातली, मोर्णा नदीच्या काठच्या भाजीवाल्यांची पोर, एवढंच त्याला ठाऊक. चंद्रभान गेल्यापासून दर चार-आठ दिवसांनी दाराआडून एकच प्रश्न यायचा. लीलाबाई तो आणून त्याच्या ताटाशी ठेवायची: “दुर्गा इचारते, शेवटी त्याहिनं काय मांगलं?” आणि खुशालराव घास गिळून म्हणायचा, “काई नाई. सुदच नव्हती त्याले.” किती वेळा म्हणाला असेल! प्रत्येक वेळी वाटायचं की आज सांगावं, आणि प्रत्येक वेळी मधे ते दार, ती लीलाबाई, ते ताट. लीलाबाईनं ते वाक्य कसं नेलं असतं आत? खरकटी भांडी नेते तसं? म्हणून त्यानं ही शक्कल काढली होती. पुस्तकात सांगायचं. केशवराव ओसरीवर मोठ्यानं वाचतील, ती आत ऐकेल, आपल्याला तिच्याकडे बघावं लागणार नाही आणि तिला आपल्याकडे. बालपणापासून सगळं सांगत सांगत तिथपर्यंत जायचं. त्या एका वाक्यासाठी त्यानं आख्खं आयुष्य सांगायला घेतलं होतं, आणि नेमकं तेवढंच वाक्य त्या शहाण्यानं आपल्या पदरचं घातलं.

तशी शंका त्याला आधीच यायला हवी होती. दीड महिना तो सांगत होता आणि दीड महिना केशवराव भलतंच लिहीत होते. त्यानं सांगितलं, “मोट हाकताना मले झोप लागे, अन् बाप पाठीत दगड मारे, बारका.” केशवरावांनी वाचलं, “तीर्थरूपांनी मला बाळपणीच उद्योगाचे वळण लाविले.” त्यानं सांगितलं की दुष्काळाच्या साली आईनं त्याला शेंदूरजन्याच्या एका बागवानाकडे ठेवला, तिथं तो चोरून कच्ची संत्री खायचा, सालीसकट, आणि अजूनही कुणी संत्रं सोललं की त्याच्या तोंडाला आधी पाणी सुटतं आणि मग मळमळतं. ह्याचं झालं, “परस्थळी राहून फळबागांचे ज्ञान संपादिले.” लग्नात लीलाबाईला मांडवातच उलटी झाली म्हणून सगळे हसले होते आणि तिनं आठ दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, ते तर मास्तरांनी गाळूनच टाकलं. खानदेशात पहिल्यांदा आगगाडी पाहिली तेव्हा भीतीनं त्याचं धोतर ओलं झालं होतं. हे त्यानं मोठ्या हिमतीनं सांगितलं, म्हटलं माणसानं खरं सांगावं. केशवरावांनी लिहिलं, “यंत्राचा चमत्कार पाहून अंतःकरण सद्गदित झाले.” तेव्हा तो खो खो हसला होता. हसायला काय जातं! त्याला वाटलं, लिहिणं म्हणजे असंच असणार, लग्नातल्या कपड्यांसारखं. अंगावर टोचलं तरी घालायचं. पण ऐकता ऐकता त्याला हेही जाणवत होतं की ह्या कागदातला माणूस आपल्याला ओळखीचा नाही. त्याला कधी भूक लागत नव्हती, तो कुणावर जळत नव्हता, त्याला कधी कशाची लाज वाटत नव्हती. सगळा जन्म तो नुसता शहाणा होत चालला होता. खुशालरावाला त्याचा राग यायला लागला होता, शेजाऱ्याच्या गुणी पोराचा येतो तसा.

आणि खरं काय होतं? खरं म्हणजे चैत्रातला रस्ता. दोन वर्षांमागची गोष्ट. कापूस लादलेल्या अकरा गाड्या खानदेशातल्या स्टेशनाकडे निघालेल्या. अकोल्यात मुक्काम झाला तो चंद्रभानच्या सासुरवाडीत. चंद्रभान रात्री मेव्हण्यांशी हसत-खिदळत बसला, उघड्यावरच्या भाजीवाल्यांचं काकडी-खरबूज खाल्लं, ऊन टाळायला मध्यरात्री निघताना म्हणाला, “दादा, पोट गुडगुडून राह्यलं.” खुशालराव म्हणाला, “खादाड्या.” हा शेवटचा थट्टेचा शब्द तो भावाशी बोलला. बाळापूर मागं पडलं आणि चंद्रभानला ढाळ-वांती सुरू झाली. पटकी! गाडीवानांनी नाव घेतलं नाही, पण एकेकानं आपापली गाडी पुढं काढली. खुशालरावानं मात्र आपली गाडी थांबवून बैल सोडले, भावाला बाभळीखाली घेतलं. पळून गेला नाही तो, हे लक्षात घ्या. माशा वारत बसला. त्याचे पाय वळत होते ते दाबत बसला. आणि चंद्रभान पाणी मागत होता. सकाळी हक्कानं मागितलं, “दादा, पानी दे ना बे.” मग चिडून. मग शिव्या देऊन. मग अगदी लहानपणी मागायचा तसं, नुसतं ‘दा, दा’ करत. गाडीच्या आसाखाली टांगलेलं मडकं काढून खुशालरावानं मांडीशी घेऊन ठेवलं होतं, भावानं सरपटत जाऊन पिऊ नये म्हणून. मडकं पाझरत होतं आणि त्याचं धोतर गुडघ्यापाशी गार लागत होतं. पटकीच्या माणसाला पाणी द्यायचं नाही, दिलं की रोग खवळतो आणि माणूस जातो, हे तेव्हा पोरासोरांनाही ठाऊक होतं. तांड्यातला जुना गाडीवान जाता जाता बजावून गेला होता, “कितीबी मांगो, पाजू नको. दिवस बुडेपर्यंत तग धरला तं वाचला समज.” म्हणून खुशालराव दगड होऊन बसला. “थोडा धीर धर, दिवस बुडू दे, मंग हवं तेवढं पे,” असं म्हणत राहिला. दिवस बुडायच्या आधीच चंद्रभान बुडाला. त्याचे ओठ फाटले होते आणि जीभ बाहेर राहिली होती, ती खुशालरावानं बोटानं आत सारली. मग त्यानं ते मडकं उचललं आणि पाहिलं तर गळ्यापर्यंत भरलेलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी खुशालराव कसाबसा जगला असता. बिचाऱ्याचं नशीब, असं म्हणता आलं असतं. पण गेल्या दिवाळीनंतर कापसाच्या बाजारात पुंजाराम नावाचा एक हमाल आला, अकोल्याचा. बोंद्र्यांवर, कापसाच्या गठ्ठ्यांवर, पाय पसरून बसायचा आणि आपल्या जिंदगीचे किस्से सांगायचा. त्याला कुणी मास्तर लागत नव्हता. एकदा म्हणाला, “मले त्याच साली पटकी झालती. घरच्याहिनं पानी बंद केलं. मी म्हनलं, मरतो तं वलं होऊन मरतो. दुपारी साऱ्याहिचा डोळा लागला का सरपटत गेलो मोर्णेवर, अन् पेलो. ओकलो, पुन्ना पेलो. आडवा पडून पेलो, म्हशीसारखा.” सगळे हसले. खुशालरावानं विचारलं, “अन् मंग?” “मंग काय? हा काय तुमच्यापुढं बसलो हावो.” खुशालराव तिथून उठून गेला. त्या दिवसापासून त्याला चैन नाही. त्यानं गुपचूप चौकशा केल्या. कुणी सांगितलं, आमचा मामा पाणी पिऊन वाचला. कुणी सांगितलं, आमचा काका पाणी प्याला आणि घटकेत गेला. आता ह्याचं काय करायचं? दिलं असतं तर वाचला असता की नसता, हे कुणी ब्रह्मदेवही सांगू शकत नव्हता. पण एक तर खरं ना, की मेला असता तर पिऊन मेला असता! ह्या विचारानं खुशालरावाला इतका संताप यायचा की बाजारात भाव बोलता बोलता तो कुणावरही वसकन ओरडायचा, आणि लोक म्हणायचे, पैसा चढला ह्याच्या डोक्यात.

दुसऱ्या दिवशी केशवराव आले तसा त्यानं जाजमावर बसायच्या आधीच म्हटलं, “ते खोडा.”

“काय खोडू?”

“पानी. मी पाजलं नाई.”

“म्हणजे मिळालं नाही तिथं?”

“मिळालं. मडकं भरून होतं. मी देल्लं नाई.” आणि मग त्यानं सगळं सांगितलं, आवाज दाबून, कारण आत बायका होत्या. केशवरावांनी ऐकलं. दौतीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. म्हणाले, “खुशालराव, हे लिहिता यायचं नाही.”

“कावून?”

“वाचणारा म्हणेल, भावाला पाण्यावाचून मारलं.”

“मंग? तेच तं झालं.”

“तुम्ही मारलं नाहीत, रोगानं मारलं. पाणी तेव्हा कुणीच देत नसे. आमच्याकडेही नसत देत.”

“मंग तसं लिवा न्! कोनी देत नव्हतं, यानंबी देल्लं नाई, असं लिवा. मी कुठी म्हन्तो का मले फाशी द्या?”

केशवरावांनी दौत बाजूला सरकवली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, “माझे वडील गेले तेव्हा मी इथं होतो. पत्र यायलाच बारा दिवस लागले. त्यांच्या मुखी पाणी कुणी घातलं, घातलं की नाही, मला आजतागायत ठाऊक नाही. ते वाक्य मी जुळवून लिहिलं नाही हो. परवा रात्री लिहायला बसलो आणि ते झालं. हात थांबलाच नाही.” त्यांचे डोळे भरले होते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी खुशालरावाला त्यांची कीव आली असती. तो कोरड्या मनाचा नव्हता. पण त्या क्षणी त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. “तं तुमच्या बापाले पाजा न् मंग, तुमच्या पुस्तकात! माह्या भावाले कावून पाजलं?” तो एवढ्या जोरानं बोलला की लीलाबाई दारात आली. शब्द तिला कळले नव्हते, नुसता आवाज ऐकू आला होता. ती गेल्यावर केशवराव कागद गोळा करत म्हणाले, “खोडायला माझं काही जात नाही. पण आधी बाईंना सांगा. त्यांनी ऐकलं आहे ते. त्या म्हणाल्या तर खोडतो.” आणि ते चालते झाले. जाताना चपला घालायलाही विसरले, कोपऱ्यावरून परत आले, आणि खुशालरावाकडे न बघता घालून गेले.

बाईंना सांगा! आता बाईंची तऱ्हा ऐका. वाचन झाल्यापासून दुर्गाबाई बदलली होती. खुशालरावाला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. भांड्यांचा आवाज निराळा येत होता. ती लीलाबाईशी बोलायची, एकदा तर हसलीसुद्धा, कुणाच्या तरी फसलेल्या लोणच्यावरून. दोन वर्षांनी. जेवताना लीलाबाई सांगू लागली, “दुर्गा म्हन्ते, दोन वर्सं ते तिच्या सपनात येत अन् तोंड दाखवत, सुकलेलं. आता नाई येत. म्हन्ते, दादाजीनं आधी सांगलं असतं तं मी कायले इतकी जळली असतो? तुमी सांगलं कावून नाई वो?” खुशालरावानं भाकरीचा तुकडा मोडला आणि मोडतच राहिला. त्याला वाटलं, राहू द्यावं. कुणाचं काय बिघडतं? एक बाई सुखानं झोपते आहे. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, वा रे वा! तू मडकं मांडीशी धरून बसलास आणि आता तिच्या दारात देवमाणूस होऊन मिरवणार. बाजारातून येताना शेजारची बाई त्याला बघून पदर सावरून म्हणाली, “भाऊ असावा तं तुमच्यासारखा.” त्याला तिच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. तीनदा तो दाराशी जाऊन उभा राहिला. तीनदा लीलाबाईनं विचारलं, “काय पायजे?” आणि तीनदा तो म्हणाला, “चुना.”

अशात अखाजी आली, अक्षय तृतीया. त्या दिवशी घरोघर मेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याच्या घागरी मांडतात, वर खरबूज किंवा आंबा ठेवतात. खुशालरावाच्या भावकीत आणखी एक रीत होती. जो माणूस तहानेला मेला त्याच्या नावाची एक घागर उंबऱ्याबाहेर मांडायची, उघड्यावर, म्हणजे त्याला कुणाची परवानगी न घेता येऊन पिता यावं; घरातल्या घागरीपर्यंत तसा माणूस पोचत नाही म्हणे. गेली दोन वर्षं दुर्गाबाई ती मांडत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, नुसत्या संशयानं मांडायची. आणि खुशालराव त्या बाहेरच्या घागरीकडे बघायचा तेव्हा त्याला, खरंच सांगतो, थोडं बरं वाटायचं. निदान हे तरी मिळतं आहे त्याला, असं वाटायचं. यंदा तो सकाळपासून मळ्यात होता. भर दुपारी घरी आला तर आतल्या अंगणात तीन घागरी ओळीनं मांडलेल्या, बापाची, आईची, चंद्रभानची, तिन्हींवर आंबे. आणि उंबऱ्याबाहेर काही नाही. सारवलेली जमीन नुसती.

तो बघतच राहिला. म्हणजे ह्या वर्षी चंद्रभान येणार, आणि बाहेर काही नसणार. एकदा आपण दिलं नाही, आता आपल्या पुस्तकानं बंद केलं. लीलाबाई शेजारी आमरस द्यायला गेली होती. दुर्गाबाई अंगणात एकटीच होती. त्याची चाहूल लागताच ती पाठ करून, पदर ओढून उभी राहिली. जाण्यासारखा आडोसा तिच्या बाजूला नव्हता, तो आत जायच्या दारातच उभा होता. खुशालराव भिंतीकडे बघत म्हणाला, “भाईर घागर नाई मांडली?”

मग ती भिंतीलाच म्हणाली, “आता कायले? ते पिऊन गेले. कागदात हाये.”

“कागद खोटा हाये.” बोलला एकदाचा! आणि मग त्याला थांबता येईना. “मी पाजलं नाई, दुर्गा. तो मांगे. सकाळपासून दुपारवरी मांगे, ‘दादा पानी, दादा पानी’. मडकं माह्या मांडीजवळ होतं. मले वाटे, देल्लं तं मरन. म्हून देल्लं नाई. तो तसाच गेला.”

चौदा वर्षांत त्यानं तिचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. ती वळली. पदर तिनं कपाळापर्यंत मागं घेतला आणि सरळ त्याच्याकडे बघितलं. खुशालरावाला वाटलं, आता ही किंचाळेल, तोंडात मारेल, मारू दे. पण ती शांतपणे विचारत होती, समजून घ्यावं तसं: “तुमी सांगलं नाई, तं मास्तरनं लिवलं कसं?”

“त्याच्या मनानं लिवलं.”

“दुसऱ्याच्या भावाले कोनी आपल्या मनानं पानी पाजते काय?” ती थांबली. “अन् मंग तुमी आयकत कावून बसले? तीन डाव वाचलं त्याहिनं. एक डाव तरी म्हनले काय, का हे खोटं हाये?”

तीन वेळा तो गप्प बसला होता हे खरं होतं, आणि का बसला हे आता कुणालाही समजावता येण्याजोगं नव्हतं.

“मले समजते, दादाजी,” दुर्गाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट लहान मुलाला समजवावं तसा लळा होता, आणि तोच त्याला सोसवेना. “तुमाले वाटते, भाईरची घागर बंद झाली का त्याहिची आठवन बुजन. म्हून बोलून राह्यले तुमी. नाई बुजनार. अन् मानसाले लय दुख झालं का आपलीच चूक दिसते. मलेबी दिसे. मलेबी वाटे, मीच त्याहिले जाऊ नका म्हनाले पायजे होतं.” मग तिनं ओळीतल्या तिसऱ्या घागरीवरचा आंबा उचलून हातात घेतला. “तरीबी तुमी म्हन्ता खरं हाये, तं आन घ्या. ही त्याहिची घागर. हिच्यावर हात ठेवून म्हना, मी पानी देल्लं नाई. मी आत्ता मांडतो भाईर. जनमभर मांडतो.”

हेच तर त्याला हवं होतं. ना दार, ना लीलाबाई, ना केशवराव. हात ठेवायचा आणि चार शब्द बोलायचे. खुशालराव दारातून पुढं येऊन वाकला. घागरीचा काठ ओला होता, त्याचा गारवा तळव्याला लागला. त्यानं मान वर केली तर दुर्गाबाई त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आता मघाची शांतता नव्हती. ओठ पांढरे पडले होते, गळ्याची शीर हलत होती. ती घाबरली होती. आपण शपथ घ्यायला सांगायला नको होतं, असं तिला झालं होतं, स्वच्छ दिसत होतं ते. हात टेकला की चंद्रभान आज रात्रीपासून पुन्हा हिच्या उशाशी येणार, सुकलेलं तोंड घेऊन, आणि ह्या वेळी कायमचा. खुशालरावाचा हात काठापासून चार बोटांवर थांबला. ठेव, तो स्वतःला म्हणाला. ठेव ना! भावाचं तहानेलं तोंड एकीकडे आणि ह्या बाईचं एकीकडे, आणि पाणी एकालाच मिळणार. मडकं पुन्हा त्याच्याच मांडीशी आलं होतं. कमरेत कळ यायला लागली तरी तो तसाच वाकून होता. मग त्यानं हात मागं घेतला आणि धोतराला पुसला, ओला नसताना.

दुर्गाबाईनं सुस्कारा सोडला. “पाहा,” ती म्हणाली. “म्हनलं नव्हतं मी?” तिनं आंबा जागच्या जागी ठेवला, नीट, देठ वर करून, आणि पदर पुन्हा नाकापर्यंत ओढला. “उनात किती येळचे उभे हा तुमी. चक्कर येईन. थांबा.” ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. उंबऱ्यावर ठेवायची रीत होती, पण तिनं तो सरळ त्याच्या हातात दिला.

घ्यायचा नाही, असं खुशालरावाच्या मनात आलं होतं. पण वैशाखाचं ऊन, सकाळपासून मळ्यात गेलेला वेळ, घसा पार कोरडा पडलेला. त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि मान वर करून घटाघटा सगळा पिऊन टाकला. पाणी हनुवटीवरून छातीवर सांडलं. दुर्गाबाई पदराआडून बघत उभी होती.

“आनखी देऊ?” तिनं विचारलं.

“दे,” तो म्हणाला.